ठकूआईचं मुसळ

फार वर्षांपूर्वी, पठारावर जायला एक पायवाट सोडली तर दुसरा रस्ता नव्हता तेव्हा, पायथ्याच्या कारवणवाडीत ठकू नावाची बाई राहायची. नवरा गेलेला, पदरात एकच लेक, सगुणी. पोर जन्मापासून बहिरी. कानाशी ढोल वाजवला तरी वळून बघायची नाही.

बायका म्हणायच्या, "ठके, हिच्यापायी जल्म घालवू नगं. दुसरं घर बघ. पोर ऱ्हाईल मामाकडं."

"माजी हाय ती," ठकू म्हणायची.

एकदा ठकू अंगणातल्या उखळात भात कांडत होती. पाठमोरी खेळणारी सगुणी घाव पडला की वळायची आणि हसायची. ठकूच्या ध्यानात आलं, पोरीला जमीन कळते, अनवाणी पावलांतून कळते. त्या दिवशी तिने लेकीला पोटाशी धरलं आणि मन मोकळं होईतो रडून घेतलं. मग मायलेकींचं ठरलं, तीन घाव म्हणजे घरी ये. लेक ओढ्यापलीकडे जायला लागली, तसं ठकूने जड मुसळ करून घेतलं. लेक पठारावर गुरं न्यायला लागली, तेव्हा खैराचं, टोकाला लोखंडी कडं घातलेलं मुसळ आलं. ते दोन गड्यांना उचलत नसे आणि ठकू एका हाताने उचलायची, असं म्हणतात.

एका भाद्रपदात सगुणी आणि वाडीची सात माणसं गवत कापायला पठारावर गेली, आणि भरदुपारी धुकं उतरलं. शेजारचा माणूस दिसेना. वाडीतले लोक खालून हाका मारू लागले. घात तिथेच झाला. हाका कड्यावर आपटून फिरायच्या, आणि वरची माणसं त्या आवाजामागे दरीकडे चालू लागली.

"तोंडं बंद करा!" ठकू ओरडली, आणि तिने मुसळ उचललं.

वर सगुणीच्या पावलांना आई कळली. तिने एकाचा हात धरला, त्याने दुसऱ्याचा, आणि अशी सहा माणसं तिने अंगणात आणून सोडली. म्हातारा धाकूआजा वरच राहिला होता. सगुणीने ते लोकांच्या चेहऱ्यांवरून ओळखलं आणि ती आईकडे बघत उभी राहिली. ठकूने तिला घट्ट धरून ठेवलं असतं, तरी कोणी नावं ठेवली नसती. तिने लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, तिला पुन्हा वर जाऊ दिलं आणि मुसळ उचललं.

धाकूआजा रांगत खाली आला. एकटाच.

"मला वाटंला लावलं पोरीनं," तो रडत म्हणाला, "अन् तिच्याच पायाखालची दरड सुटली गं, ठके."

ठकूने ऐकलं. मुसळ थांबलं नाही. नऊ दिवस धुकं होतं आणि नऊ दिवस ती कांडत होती. उखळात दाणा नव्हता. कड्यावरच्या पाखरांनी घरटी हलवली, वाडीतली तान्ही पोरं त्या ठोक्यावर झोपायला शिकली, उखळाच्या दगडाचा तळ गेला, असं म्हणतात. दहाव्या दिवशी धुकं उठलं आणि आवाज थांबला. बायका धावत गेल्या, तर ठकू मुसळ धरून उभीच होती. जीव केव्हाच गेला होता.

कारवणवाडीत आजही धुक्यात कोणी कोणाला हाक मारत नाही. पठारावरचा माणूस चपला काढून उभा राहतो, आणि खाली घरोघर रिकाम्या उखळांत मुसळं पडू लागतात. सगळे परतले की ती थांबतात. मग वाडीतली सगळ्यांत थोरली आई उठते, ठकूआईच्या अंगणात जाते आणि आणखी तीन घाव घालते. यायचं कोणी राहिलेलं नसतं. तरी त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत वाडीतलं एकही दार लावत नाहीत.