पुलासाठी उभा राहिलेला हायरम टटल

रेल्वे अजून त्या डोंगरांत पोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. अमेरिकेत एल्मफोर्ड नावाचं गाव होतं. गावापुढून नदी वाहायची आणि पलीकडे जायला एकच नाव. दर वसंतात बर्फ वितळलं की नदी चढायची आणि कुणाला ना कुणाला घेऊन जायची.

हायरम टटल हा तिथला पिंपं बनवणारा. त्याची बहीण पेशन्स अशीच बुडाली. गावानं त्याला राज्याच्या विधानसभेत निवडून पाठवलं आणि बजावलं, "पूल घेऊनच ये."

दर हिवाळ्यात तो राजधानीला जायचा. सभापती म्हणायचे, "टटलसाहेब, बघू." एक वर्ष, दोन वर्षं, अकरा वर्षं! तेवढ्यात सभागृहाला नवे गालिचे आले, घुमटाला सोनेरी मुलामा चढला. पूल तेवढा राहून गेला. घरी बायको मर्सी विचारायची, "काय झालं?" हायरम टोपी आदळायचा. "बघू म्हणाले!"

बाराव्या वर्षी तो बोलायला उभा राहिला तो बसेचना. बुडालेल्या एकेकाचं नाव घेऊन सांगू लागला, कोण होतं, कुठं निघालं होतं.

"बसा हो आता!" सभापती ओरडले.

"माझी माणसं नदीच्या तळाशी, आणि मी खुर्चीत बसू?"

तीन दिवस तो बोलत होता, असं म्हणतात. त्याच्या संतापाच्या धगीनं छपरावरचं बर्फ वितळून पागोळ्या लागल्या, असंही म्हणतात. शेवटी वैतागून सभागृहानं पूल मंजूर केला.

पण कारकुनानं नदीचं नाव चुकीचं लिहिलं. पूल झाला, तो वीस मैलांवर, एका कोरड्या ओढ्यावर!

हायरम तो पाहून आला. गाडाभर दगड घेऊन थेट नदीत उतरला आणि एकेका आमदाराचं नाव घेत, शिव्या हासडत दगड रचू लागला. शिव्या ऐकायला जमलेला गाव हळूहळू दगड वाहू लागला. ज्याला जास्त शिव्या, त्याच्या नावाचा दगड जास्त घट्ट बसायचा, असं म्हणतात. सहा उन्हाळ्यांत खांब उभे राहिले, वर फळ्या पडल्या. मर्सी सर्वांत आधी पलीकडे चालत गेली. हायरम मात्र अलीकडेच बसून राहिला. "अठरा वर्षं लावली मेल्यांनी," म्हणाला आणि ढसाढसा रडला.

आजही एप्रिलात गाव त्या पुलावर जमतं. निवडून आलेल्या माणसानं टोपी काढून मधोमध उभं राहायचं आणि लोकांचं बोलून संपेपर्यंत हलायचं नाही. त्याला तिथं 'हायरमची सभा' म्हणतात. गेल्या वर्षी एका म्हातारीनं शाळेसमोरच्या गटारावरून चार तास सुनावलं. मध्येच पाऊस आला. आमदार चिंब भिजला. म्हातारीनं छत्री उघडली आणि पुढं बोलू लागली.