गिलाव्याआडची तेसा

“झाकायचंच होतं, तर मग काढायला कशाला लावलंत?”

लापो परांचीवर उभा होता. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून. पडणारी भिंत धरून ठेवावी तसा. भिंत पडत नव्हती.

उस्ताद आर्दिंगो खाली जमिनीवर बसून पाव आणि कांदा खात होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“आधी गेरूने चित्र, मग त्यावर गिलावा, मग रंग. इतकी वर्षं हेच करतोयस. तुला आज कळलं?”

“इतकी वर्षं भिंतीवर तेसा नव्हती.”

उस्तादांचं चावणं क्षणभर थांबलं… मग पुन्हा सुरू झालं.

हे उंब्रियातल्या एका डोंगरी गावात घडलं, फार जुन्या काळी. तिथल्या लोकरीच्या व्यापाऱ्याने एक लहानसं चॅपल बांधलं होतं. आपण व्यापार कसा केला ते देवाला ठाऊक आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यामुळे चॅपलची घाई होती. समोरच्या भिंतीवर त्याला मेरी हवी होती. देवदूत अचानक दारात येतो आणि तुला मूल होणार आहे म्हणून सांगतो, त्या क्षणाची.

त्यासाठी त्याने आर्दिंगोंना बोलावलं. त्यांचं नाव मोठं होतं. त्यांच्या आधी भिंतींवरचे संत सोनेरी हवेत तरंगत असत. उस्तादांनी त्यांना जमिनीवर उभं केलं, रडायला शिकवलं. आता गावोगावचे चितारी तसंच काढू लागले होते आणि ही कल्पना आपलीच, असंही सांगू लागले होते.

विद्वान पाद्री उस्तादांच्या आणखी एका गोष्टीचं कौतुक करत. त्यांनी जितक्या गावांत मेरी काढली, तितके चेहरे वेगळे. केवढी ही कल्पनाशक्ती, असं पाद्री म्हणत. उस्ताद सगळं ऐकून घेत आणि जेवण कधी आहे ते विचारत.

मेरीचा चेहरा ते कुणाला काढू देत नसत. या वेळी गुडघे दुखतात म्हणून त्यांनी तो आपल्या जुन्या शिष्याला, लापोला दिला. हे कारण सगळ्यांनी मान्य केलं.

लापोची बायको तेसा तापाने गेली, त्याला दोन हिवाळे झाले होते. तेव्हापासून तो तिचा चेहरा काढायला बघत होता. फळ्यांवर काढला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने काढला. दर वेळी दुसरीच कुणी यायची. एकदा तर तेसाची मावशी आली, जिच्याशी त्याचं कधी पटलं नव्हतं.

आणि या आठवड्यात, या परक्या गावात, खरखरीत भिंतीवर गेरू फिरवता फिरवता तेसा आली. मान किंचित कललेली. हाक ऐकून हात पुसत बाहेर आल्यासारखी.

आज त्याच तुकड्यावर गिलावा चढायचा होता. ओल्या चुन्यावर दिवसभरात रंगवायचं. चुना सुकला की रंग कायमचा, आणि आतलं गेरूचं चित्रही आत कायमचं.

“उस्ताद, चुना मळून तयार आहे,” नुतो गवंडी म्हणाला. “चुन्याला दुःख-बिख कळत नाही. तो थांबायचा नाही.”

“एवढा तुकडा राहू द्या,” लापो म्हणाला. “बाकीची भिंत मी एकटा रंगवतो. देवदूत, खोली, फुलदाणी, सगळं.”

“आणि मेरीचं डोकं?”

“गेरूचंच राहील.”

“व्यापाऱ्याला सांगू,” नुतो म्हणाला, “अंग या वर्षी, डोकं पुढच्या वर्षी.”

कुणी हसलं नाही. नुतोने चुना पुन्हा ढवळला.

“मला माहीत आहे तुम्ही का झाकताय,” लापो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “असा चेहरा तुमच्या हातून कधी उतरला नाही. एकदाही नाही. म्हणून.”

नुतो चुन्याच्या पाटीत पाहू लागला. पाटीत पाहण्यासारखं काही नव्हतं.

उस्तादांनी उरलेला पाव फडक्यात बांधला. उठले. शिडी चढू लागले. गुडघे दुखणारा माणूस चढेल तसे, प्रत्येक पायरीवर थांबत. परांचीवर येऊन लापोसमोर उभे राहिले.

“हात खाली घे. मला बघू दे.”

लापो बाजूला झाला.

उस्ताद बघत राहिले…

“चांगली आहे,” ते म्हणाले.

हे शब्द त्यांच्या तोंडून नुतोने उभ्या जन्मात ऐकले नव्हते. लापोनेही नाही. त्याचे खांदे सैल पडले. आपण जिंकलो असं त्याला वाटलं.

“तिच्या डोळ्यांचा रंग कोणता होता?” उस्तादांनी विचारलं.

लापोने वळून भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर फक्त गेरू होता.

“भिंतीकडे काय बघतोस? मी तुला विचारलं.”

“तपकिरी…” लापो म्हणाला. “नाही. उन्हात… उन्हात जरा…”

तो थांबला. त्याने डोळे मिटले. पुन्हा उघडले. पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

“परवा ही काढली, तोपर्यंत सांगता आलं असतं,” तो हळूच म्हणाला.

उस्तादांनी खाली हात केला. नुतोने चुन्याची पाटी वर दिली आणि थापी घेऊन स्वतःही चढू लागला.

“तू नको,” उस्ताद म्हणाले. “थापी त्याला दे.”

लापोने थापी घेतली. बराच वेळ ती नुसतीच हातात धरून तो उभा राहिला. मग हनुवटीपासून सुरुवात केली. ओठ गेले. नाक गेलं. कपाळही त्याने आधी झाकलं. डोळे शेवटी ठेवले. मग तेही गेले.

समोर ओली पांढरी भिंत होती.

“आता काहीच दिसत नाही,” तो म्हणाला.

“बरं झालं. सुरू कर.”

चेहरा रंगवायचा तर आधी हिरवट रंग लावायचा, त्यावर गुलाबी चढवत न्यायचा, अशी त्या कामाची रीत होती. लापोने आठवणीने हिरवा लावला. गालांवर, डोळ्यांखाली, ओठांभोवती. आणि त्याचा हात थांबला. शेवटच्या सकाळी तेसा अशीच दिसत होती.

उस्तादांनी ते पाहिलं. गुलाबी रंगाची वाटी उचलली आणि त्याच्या हाताशी ठेवली.

लापो रंगवू लागला. ऊन या खिडकीतून त्या खिडकीत गेलं. तो स्वतःशी काहीतरी पुटपुटत होता. कधी कुंचला हवेतच धरून राहायचा. भुवया काढताना तो एकाएकी हसला.

“काय झालं रे?” नुतोने खालून विचारलं.

“शिंक येणार असली की ती असं बघायची.”

“आणि मग?”

“आणि मग शिंक यायचीच नाही. माझ्यावर चिडायची.”

संध्याकाळी गिलाव्याने रंग धरला. दोघं खाली उतरले आणि तिघंही मागे जाऊन उभे राहिले.

भिंतीवर एक बाई होती. तिला कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं आणि तिचा अजून विश्वास बसत नव्हता. नुतोने नकळत टोपी काढली.

लापो मात्र पाहतच राहिला.

“ही ती नाही,” तो म्हणाला.

“नाही,” उस्ताद म्हणाले.

“भुवई जरा वर… एकच रेघ…”

“सुकलं.”

“खरवडून पुन्हा केलं तर?”

“पुढच्या गावात भिंत आहे.”

नुतो पाट्या धुवायला विहिरीकडे गेला. आत दोघंच उरले. चुन्याचा वास होता.

“डोळ्यांचा रंग?” उस्तादांनी विचारलं.

“आठवला,” लापो म्हणाला. “गालावर काम करत होतो तेव्हा आठवला. मधासारखा, कडेला हिरवा… भिंतीवर नाही आला.”

उस्तादांनी मान हलवली. खाली बसून ते कुंचले पाण्यात बुडवून एकेक करून पुसू लागले. लापोही शेजारी बसला. सकाळी जे बोललो ते परत कसं घ्यावं, ते त्याला सुचत नव्हतं. म्हणून त्याने दुसरंच विचारलं.

“उस्ताद, पाद्री म्हणतात, तुमची एक मेरी दुसरीसारखी नाही. एवढे वेगवेगळे चेहरे तुम्ही आणता कुठून?”

उस्तादांनी शेवटचा कुंचला पुसला. त्याची टोकं बोटांनी जुळवली. आणि भिंतीकडे न पाहता म्हणाले,

“मी एकीचाच काढतोय… अजून जमला नाही.”