लुळ्या हाताशी ठेवलेलं लोणी

ऐका सटवाई, तुमची कहाणी. आटपाट पेठ होती. पेठेत एक कासार होता. त्याची बायको गोजरा, लेक ठकू. ठकू दोन वर्षांची. एके दिवशी पोर ओट्यावरून पडली, डोक्याला मार बसला. लेप झाले, काढे झाले, नवस झाले. मग पोर जगली, पण उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. गोजरा रडे, पोरीला भरवी, खाली म्हणून ठेवीना.

मग दारी एक म्हातारी आली. "बाई बाई, पोर का कोमेजली?" गोजरेनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "तू एक वसा घे."

"घेईन आजी. कसा घ्यावा?"

"सकाळी न्हावं, देवीला लोणी दाखवावं. पोरीचा धड हात घटकाभर मऊ फडक्यात गुंडाळावा, लोणी लुळ्या हाताशी ठेवावं. मग थांबावं. भरवू नये, तिच्यावतीनं बोलू नये. पोर रडेल, तुला भरवावंसं वाटेल. तरी थांबावं."

गोजरेनं वसा घेतला. आधी बोट हललं. मग मूठ मिटली. मग लोणी गालाला लागलं, नाकाला लागलं, तोंडात काही गेलं नाही. तरी गोजरा हरखली.

मग चैत्रातलं हळदीकुंकू आलं. बाया म्हणाल्या, "अगं, पोरीचा हात बांधतेस? आई की वैरीण?" बायांच्या जिभेला हाड कुठलं! गोजरा शरमली. तिनं फडकं सोडलं, पोरीला मांडीवर घेऊन भरवलं. दुसऱ्या दिवशी भरवलं, तिसऱ्या दिवशी भरवलं. सोपंच होतं ते. वसा राहून गेला. पोरीची मूठ पुन्हा सैल पडली.

मग गोजरा घाबरली. देवीपुढे नाक घासलं. "आई, मी लोकांना भ्याले." देवीला दया आली. म्हातारीच्या रूपानं येऊन म्हणाली, "मी रागावले नाही गं. लहान जिवाचं अंग ओल्या मातीसारखं, पुन्हा वळतं. तू मधे हात घालू नको."

गोजरेनं पुन्हा वसा धरला. बाया आल्या, तर म्हणे, "बसा, पण बोलू नका." दिवस गेले, महिने गेले. एके सकाळी ठकूनं लोणी उचललं. हात अर्ध्यावर आला, लोणी सांडलं. गोजरेला राहवेना. तिनं घास पोरीच्या तोंडाशी नेला. पोरीनं त्याच लुळ्या हातानं तो ढकलला नि ती म्हणाली, "नको! मी!"

गोजरेनं पोरीला पोटाशी धरलं. रडली, हसली. कासार धावत आला. "काय झालं?"

"अहो, पोर मला नको म्हणाली!" असं म्हणून तिनं पेठभर साखर वाटली.

हात थोडा अधू राहिला, पण पोर आपल्या हातानं जेवू लागली, आईशी भांडू लागली. जशी सटवाई गोजरेला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो, लेकरांपाशी थांबायचं बळ देवो. पुष्कळा बोलांची ही कहाणी थोडक्या बोलांत सुफळ झाली, संपूर्ण झाली.