वाळूच्या दांड्यावरचे लेपे

मी आठवीत शाळा सोडली. माझे ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतात आणि मोठे शब्द मला येत नाहीत, त्याबद्दल गावच्या शाळेतल्या मुलांनी आणि त्यांच्या बाईंनी आधीच माफ करावे. बाई म्हणाल्या, तुला जे माहीत आहे त्याचीच गोष्ट लिही. मला मासा कुठे आणि केव्हा मिळतो एवढेच माहीत आहे, तेही वडिलांनी दाखवले म्हणून. त्यामुळे ही गोष्ट लेप्यांची आहे.

एका खाडीच्या मुखाशी, तिवरांच्या मुळांत, एक पाणमांजरी राहत असे. तिला दोन पिल्ले होती. खाडीतले सगळे प्राणी लेपा शोधत, पण तो पाणमांजरीलाच सापडे. लेपा हा भाकरीसारखा चपटा मासा. त्याचे दोन्ही डोळे अंगाच्या एकाच बाजूला असतात. तो वाळूत अंग पुरून पडतो आणि नुसते डोळे वर ठेवतो, म्हणून पायाखाली असला तरी दिसत नाही. पुनवेच्या आणि अमावास्येच्या उधाणात ओहोटी फार लांब जाते. तेव्हा खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक दांडा उघडा पडतो. ओहोटी संपली आणि भरती अजून लागली नाही, अशा वेळी पाणी थोडा वेळ थांबते. त्या थांबलेल्या पाण्यात, दांड्याच्या समुद्राकडच्या उतारावर, लेपे येऊन पडतात. ही वेळ आणि ही जागा पाणमांजरीला तिच्या आईने दाखवली होती. सबंध खाडीत ती दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती.

कुणी विचारले की पाणमांजरी खोटे सांगे. बगळ्याला तिने काळ्या खडकांकडे पाठवले, तेही भरती भरल्यावर. तो बिचारा पाणी पोटाला लागेपर्यंत उभा राहिला. संध्याकाळी ती त्याला म्हणाली, "एका पायावर तप करून लेपे मिळत नाहीत, बगळेबुवा. दोन्ही पाय भिजवावे लागतात." पाणकावळ्याला तिने तिवरांच्या चिखलात पाठवले. कुणी पाहत असेल तर ती स्वतः खडकांपर्यंत जाऊन अंग ओले करून येई. आपल्या पिल्लांनाही तिने दांडा दाखवला नव्हता. लहान आहेत, खेळता खेळता बोलून जातील, असे तिला वाटे. हळूहळू सगळे एक गोष्ट शिकले. पाणमांजरी सांगेल त्याच्या उलट जायचे.

एका पुनवेला तिचा मागचा पाय तुटक्या जाळ्यात अडकला. ओढून ओढून तिने तो सोडवला, पण जाळ्याच्या दोऱ्याने पाय हाडापर्यंत कापला गेला. तिला बुडी मारता येईना. पिल्लांचे दूध सुटले होते आणि शिकार त्यांना येत नव्हती. तिने बगळ्याला हाक मारून खरी जागा आणि खरी वेळ सांगितली, आणि म्हणाली, "चार तू घे, एक माझ्या पिल्लांना आण."

बगळ्याने पाणकावळ्याकडे पाहिले. पाणकावळा म्हणाला, "या वेळी पायाचे निमित्त नवीन आहे हो." दोघे उडून गेले, दांड्याच्या उलट दिशेला.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विनवले. "खोटं सांगून मला आता काय मिळणार आहे?"

"आधी तरी काय मिळत होतं?" बगळा म्हणाला.

बगळा खडकांवर गेला आणि रिकाम्या चोचीने परतला. त्या दुपारी धाकटे पिल्लू झोपले ते उठलेच नाही.

तिसऱ्या दिवशी ओहोटीला पाणमांजरी तिवरांतून बाहेर आली. तीन पायांवर, थांबत थांबत, ती उघड्या वाळूवरून सगळ्यांच्या देखत दांड्याकडे निघाली. मागे रक्ताची रेघ उमटत होती. मोठे पिल्लू त्या रेघेवरून तिच्यामागे चालत होते. उतारावर पोचून ती पाण्यात बसली. पाणी थांबले. तिने पुढचा पाय वाळूवर ठेवला, तशी वाळू हलली. तिच्याने मासा धरवला नाही. पण दूरवर उभ्या असलेल्या बगळ्याने ती हललेली वाळू पाहिली.

तो उडत आला, दोन्ही पाय पाण्यात रोवून उभा राहिला आणि चोच मारली. पहिला लेपा त्याने गिळला नाही, पिल्लासमोर टाकला. मग तो म्हणाला, "मी परवाच आलो असतो तर."

"तू का आला नाहीस ते मला माहीत आहे," पाणमांजरी म्हणाली.

तिचा पाय पुढे धड झालाच नाही. दर उधाणाला ती दांड्यावर येऊन बसे, आणि जो येईल त्याला पाणी केव्हा थांबेल ते सांगे. लेपे काही संपले नाहीत. थांबलेले पाणी असते तरी किती वेळ? तेवढ्यात कुणीच फार मासे धरू शकत नाही. तिच्या पिल्लाला मात्र कधी उपाशी राहावे लागले नाही. राहिलेल्या एकाच पिल्लाला.

तात्पर्य : रोज खोटी वाट दाखवणाऱ्याची खरी वाट अडचणीच्या दिवशी कुणी धरत नाही, म्हणून आपल्याला कुणीतरी दाखवलेले, आपणही वेळेवर दुसऱ्याला दाखवावे.

एवढे लिहून मी कागदाची घडी घातली. दुसऱ्या दिवशी द्वितीया होती, ओहोटी सकाळी सव्वासातच्या सुमाराची. आमच्या शेजारी भिवाकाका तांडेल राहतात. मागच्या उधाणात त्यांनी मला लेप्यांची जागा विचारली होती आणि मी खडकांकडे बोट दाखवले होते. ते दोन दिवस तिथे गळ टाकून बसले होते. मी त्यांच्या ओट्याशी जाऊन खाली बघत म्हणालो, "काका, गळ घ्या." त्यांनी विचारले, पुन्हा खडकांवर का? मी मान हलवून नाही म्हटले आणि चालू लागलो. बऱ्याच वेळाने मागे वाळूत पावले वाजली. दांड्यावर पोचल्यावर मी जागा बोटाने दाखवली नाही. तिथे जाऊन, पाण्यात, उभा राहिलो.