ठकूमायची गाठ

"ठकूमाय आपल्या केसांनी पोरांच्या नाळा बांधायची, म्हणून तर शेवटी तिचं डोकं…" एवढंच नळावर माझ्या कानावर पडलं, आणि बायका हंडे उचलून चालू लागल्या. अर्धवट ऐकून मला जेवण गोड लागतंय होय? मी थेट शेजारच्या सरूआत्यांकडे गेले. ठकूमाय त्यांच्याच घराण्यातली सुईण. आत्यांनी सांगितलं ते असं.

फार मागची गोष्ट. तेव्हा बोरपाणी गावात बाळाची नाळ माहेरच्या सुतानंच बांधायचे. मामा ते सूत घेऊन यायचा. परक्या सुताची गाठ बाळाला लाभत नाही, अशी समजूत होती. आणि गावातल्याच पारूच्या सुनेला, सगुणेला, माहेरच नव्हतं. दुष्काळात गावात एकटी आलेली पोर ती.

सगुणेला मुलगी झाली. ठकूमायनं नाळ कापली आणि घरातल्या वातीच्या सुतानं बांधली. पारूनं ती गाठ सोडून टाकली. रक्त वाहू लागलं. पारू काही दुष्ट नव्हती हो. परक्या गाठीनं नात हातची जाईल, या भीतीनं तिनं ते केलं.

ठकूमायनं नाळ चिमटीत दाबून धरली. म्हणाली, "पारू, आजपासून सगुणेची आई मी. माझ्या अंबाड्यातले केस उपट. हेच तिच्या माहेरचं सूत. आणि गाठ आता तूच मार."

पारूनं केस उपटले, पीळ दिला, गाठ मारली. रक्त थांबलं. असं म्हणतात, त्याच क्षणी साठीच्या ठकूमायला पान्हा फुटला. असंही म्हणतात, त्यातला एक केस त्या मुलीच्या बेंबीत लग्नापर्यंत चमकत होता.

तेव्हापासून बोरपाणीत बेंबीला कुणी बेंबी म्हणत नाही. पोट दुखलं की पोरं सांगतात, "माय, गाठीपाशी दुखतंय."

"आणि डोक्याचं काय?" मी विचारलंच.

आत्या हसल्या. केस तिनं तेवढे एकदाच दिले. डोकं म्हातारपणी स्वतःच भादरून घेतलं, उकडतं म्हणून.

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, नाळेला चिमटा लावतात. तरी बाराव्या दिवशी घरोघरून एकेक दोरा येतो. सगळे मिळून वळतात आणि बाळाच्या कमरेला बांधतात. बाळंतीण सात भावांची बहीण असली तरी तिच्या बाळाला हाच दोरा. पहिला दोरा मात्र, जिनं गाठ सोडली आणि पुन्हा मारली, त्या पारूच्या घरातून यावा लागतो. तो येईपर्यंत बायका वाट बघत बसतात.