सिदाप्पाची लय

“…ते सगळं खरं, मास्तर. पण ऐन कार्यक्रमात दगा देणार नाही, असा या दोघांतला कोणता?”

अभिनंदन चौगुलेने दोन्ही कीबोर्ड सतरंजीवर मांडले होते. एक मोठा, अंगभर दिवे असलेला. दुसरा आटोपशीर. दुकानदाराने पारखायला दिले होते. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत एक परत करायचा होता.

मुजावर मास्तरांनी एकाकडेही नीट पाहिलं नाही. हयात नाटक कंपन्यांमध्ये पायपेटी वाजवण्यात गेलेली. आता मिरजेत दर्ग्यामागच्या दोन खोल्यांत राहायचे, आलेल्याला शिकवायचे. अभिनंदन त्यांचाच शिष्य. आता त्याचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता, नाव होतं आणि नावाला शोभेल त्यापेक्षा जरा जास्तच मिजास होती.

“हे करतात काय?”

“सगळं करतात. डाव्या हाताने कॉर्ड धरायची, की ढोलकी, बेस, गिटार आपोआप मागे येतात. उजव्या हाताने गाणं वाजवायचं. एका माणसात सगळा ताफा.”

“ताफा आहे की तुझ्याकडे.”

“आहे ना.” अभिनंदनने दाराकडे मान उडवली. “तीच तर डोकेदुखी.”

दारात सिदाप्पा बसला होता. अभिनंदनचा ढोलकीवाला, वयाने त्याच्याहून बराच मोठा. रिक्षातून दोन्ही खोकी त्यानेच उतरवून आत आणली होती. ज्याच्या पोटावर हे यंत्र येणार, त्यालाच ते उचलायला लावलं होतं. यात काही वावगं आहे, असं अभिनंदनच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“याची लय पळते, मास्तर. गाणं सुरू होतं चालत आणि संपतं धावत. गायिकेला श्वास घ्यायला जागा मिळत नाही. मागे एका लग्नात तर अशी शोभा झाली! शेवटी मीच माइकवरून सांगून टाकलं, आमच्या ढोलकीवाल्यांना घरी जायची घाई आहे. सगळा मांडव हसला.”

सिदाप्पा खाली बघत राहिला.

“नवरात्रापासून त्याला सुट्टी. तुम्ही फक्त कीबोर्ड सांगा.”

मास्तरांनी दाराकडे पाहिलं.

“सिदाप्पा, ढोलकी आहे?”

“रिक्षात हाय की. ती सोडून कुठं जातोय मी.”

“आण.”

ढोलकी आली. मास्तर अभिनंदनला म्हणाले, “मशीनचा ताल बंद ठेव. नुसती पेटी समज आणि वाजव. तुम्ही दोघं.”

अभिनंदनने वाजवायला घेतलं. सिदाप्पाने ठेका धरला. सुरुवात झाली ती झकास. पण अंतऱ्यापर्यंत लय चढली, दुसऱ्या अंतऱ्याला तर दोघंही पळत सुटले.

अभिनंदनने हात उचलले. “ऐकलंत?”

“ऐकलं. आता तू आणि मशीन.”

अभिनंदनने मोठ्या कीबोर्डचा ताल सुरू केला. चार ओळी बऱ्या गेल्या. मग त्याची बोटं समेच्या आधीच पोचू लागली. ढोलकी मागे, गाणं पुढे. तो थांबला.

“याचा रिदम रेंगाळतोय.”

“दुसरा बघ.”

दुसऱ्यावरही तेच झालं.

“हाही रेंगाळतो.”

“वाढव मग त्याची लय.”

त्याने वाढवली. जरा वेळ जमलं. मग त्या वाढवलेल्या लयीच्याही तो पुढे निघून गेला. कपाळावर घाम आला होता त्याच्या.

“पीसच खराब दिलेत, मास्तर. दोन्ही.”

“असतील…”

मास्तर दाराकडे वळले. “सिदाप्पा, आता तू. मशीनबरोबर.”

अभिनंदन हसला. पण मशीन त्यानेच लावून दिलं, साधा ठेका.

सिदाप्पा वाजवू लागला. मशीनची ढोलकी आणि त्याची ढोलकी, दोन्ही बरोबर चालल्या होत्या. मास्तर गुडघ्यावर हात देऊन उठले. इतका वेळ त्यांनी कीबोर्डला बोटही लावलं नव्हतं. त्यांनी वाकून आवाजाचं बटण फिरवलं, पार शून्यावर आणलं.

मशीन मुकं झालं. पण त्याचे दिवे ठेक्यावर लुकलुकत होते, म्हणजे आत ते चालूच होतं. मास्तरांनी खांद्यावरचा पंचा काढून त्या दिव्यांवर टाकला.

सिदाप्पा वाजवत राहिला… डोळे मिटून, एकटा. बराच वेळ.

मग मास्तरांनी बटण पुन्हा फिरवलं. मशीनचा आवाज वर आला.

सम आली. दोघांची एकच.

 सिदाप्पाने तिहाई घेऊन वाजवणं थांबवलं आणि तो मनगट चोळत बसला. अभिनंदनने मशीन बंद केलं. त्याला दोनदा बटण शोधावं लागलं.

“मग… माझ्याबरोबर का पळतोस?”

“तुमी पुढं जाता, सर. मी जाग्यावर ऱ्हायलो, तर बेताल तुमी दिसाल.” सिदाप्पाने ढोलकी मांडीवरून उतरवली. “ढोलकीवाला दिसला तर चालतंय.”

“मग मला सांगायचं तरी!”

“सांगितलं हुतं. पयल्या सालीच. त्यानंतरचे कार्यक्रम तुमी दुसऱ्याला दिलंत. मला घर चालवायचं हुतं. परत कशाला सांगतोय?”

अभिनंदनचं तोंड उतरलं. त्याला लाज वाटली, मनापासून वाटली. पण लाजेबरोबर हिशेबही सुटला नव्हता; नवरात्र डोक्यावर आलं होतं.

“बरं, झालं गेलं सोडून दे. सुट्टीचं मी असंच बोललो. तू आहेसच.”

सिदाप्पा ढोलकीला गवसणी घालत होता.

“आज लई बरं वाटलं, सर. कुणाला सांभाळायचं नव्हतं.”

“सिदाप्पा, ऐक. माइकवर बोललो त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. स्टेजवर अशी थट्टा चालते.”

“मी न्हाई लावून घेतलं. मला सवय हाय.” त्याने गाठ मारली. “पर त्या मांडवात माझी पोरगी हुती. नवरीची मैत्रीण. ती बी हसली.”

अभिनंदन कीबोर्डची वायर गुंडाळू लागला.

“घरी आल्यावर मला म्हणाली, आप्पा, तुमाला येत न्हाई तर कशाला वाजीवता?”

त्याने मास्तरांच्या पायाला हात लावला, ढोलकी खांद्याला अडकवली आणि तो बाहेर पडला. रिक्षात बसला नाही. चालतच गेला.

अभिनंदन दाराशी जाऊन उभा राहिला. हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारली नाही. मग तो परत येऊन त्या दोन कीबोर्डांसमोर बसला. बाहेर ऊन उतरलं होतं.

“मास्तर… दुकान बंद होईल.”

मास्तर पंच्याची घडी घालत होते.

“मग यातला… कोणता घेऊ?”

“कोणताही घे. दोघांनाही पोरगी नाही.”