भरतीचा नवा शंख

समुद्राचं पाणी अजून गोड होतं, तेव्हाची गोष्ट. दर पौर्णिमेची भरती किनाऱ्यावर एक नवा शंख टाकून जायची. शंखात राहणारे खेकडे लगेच रांग लावायचे. पहिला नव्या शंखात शिरला की त्याचा जुना दुसऱ्याला मिळायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याला.

एकदा फारच चकचकीत शंख आला.

"मागच्यासारखाच तर आहे, नुसता रंग बदललाय," पहिला बाबल्या फणकारला.

"आणि केवढा जड!" मागचा झिलू म्हणाला.

"आहे त्यात अंग मावतंय ना रे?" तिसरी म्हातारी खेकडी म्हणाली. पण तीही हे रांगेत उभी राहूनच बोलली.

बाबल्या जुन्या शंखातून बाहेर आला, तोच झिलू त्यात घुसला. नवा शंख बाहेरून ऐसपैस, आतून मात्र चिंचोळा निघाला. बाबल्याला शिरताच येईना.

"झिलू, माझं घर दे रे!"

"माझ्या घरात आता म्हातारी बसलीय," झिलू आतूनच म्हणाला.

घार आली आणि उघड्या बाबल्याला उचलून घेऊन गेली. ओहोटीबरोबर शंखही गेला.

पुढच्या पौर्णिमेला लाटेने तोच शंख पुन्हा आणून टाकला. रांग लागली. आता पहिला झिलू होता.

"या खेपेला सुधारलेला दिसतोय," तो म्हणाला, आणि जुन्या शंखातून बाहेर आला.